उष्मांकांची मोजणी, उपचारांची प्रतीक्षा

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने इंग्लंडमधील माणसे घरांत कोंडली गेली. दुकानांतील फळ्या रिकाम्या झाल्या, नित्यक्रम मोडला, सोबत तुटली. ज्यांना अन्नाचीच धास्ती वाटते, अशा आहारविकारग्रस्तांचे आधारच त्यामुळे नाहीसे झाले. हा श्रीमंतांचा चोचला नव्हे. हा जीवघेणा मनोविकार आहे.

तातडीच्या रुग्णांपैकी शेकडा ९५ मुलांवर व तरुणांवर आठवड्याच्या आत उपचार सुरू व्हावेत, असे तेथील सार्वजनिक आरोग्यसेवेचे २०२०-२१ चे उद्दिष्ट होते. साथीत रुग्ण वाढले, उद्दिष्ट हुकले. शासनाने मात्र जुलै २०२० मध्ये लठ्ठपणाविरुद्ध मोहीम पुकारली. ६ एप्रिल २०२२ पासून मोठ्या उपाहारगृहांना पदार्थांचे उष्मांक छापण्याची सक्ती केली. उष्मांक मोजता मोजता जे उपाशी राहतात, त्यांच्यापुढे आणखी आकडे आले. रुग्णांसाठी झटणाऱ्या ‘बीट’ संस्थेचा विरोध व्यर्थ ठरला.

लठ्ठपणाचा प्रश्न खोटा नाही. परंतु आकडे छापणे स्वस्त असते, उपचारकेंद्रे उभारणे महाग. आरोग्य ही व्यक्तीच्या संयमाची परीक्षा नसून समाजाचे उत्तरदायित्व आहे, असे मानणाऱ्यांनी या रुग्णांनाही आपल्या मागण्यांत स्थान दिलेच पाहिजे.