काट्यापलीकडचे ओझे

सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस गर्भवतींची तपासणी होते. वजन, रक्तदाब पाहिले जातात, ते हवेच. परंतु स्थूल स्त्रीच्या वाट्यास काट्यापाशी बहुधा उपदेशच येतो. घरी 'दोन जिवांची आहेस, खा', दवाखान्यात 'केवढे हे वजन!' अशा स्त्रियांत गरोदरपणी खिन्नता अधिक आढळते, हे अनेक अभ्यासांच्या २०१४ मधील एकत्रित परीक्षणाने दाखविले आहे. १९८७ ची एडिंबरो प्रश्नावली मूळची बाळंतिणींसाठी; पण ती गर्भवतींसही चालते. प्रश्न अवघे दहा, वेळ पाच मिनिटे. (उपदेशास याहून अधिक लागतो!) आरोग्य खात्याने ती प्रत्येकीस विचारावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. मात्र ज्या तोंडाने वजनाबद्दल झिडकारले, त्याच तोंडाने विचारल्यास खरे उत्तर कोण देईल?