कॉलर धरण्याआधी

गेल्या पावसाळ्यात मी गावी होतो. रात्री पावणेदोनच्या सुमारास चुलतभावाचा फोन आला. "भाईजान, अब्बांच्या छातीत दुखतंय, घामानं भिजलेत." शेजाऱ्याच्या गाडीत घालून आम्ही चाचांना शहरातल्या एका मोठ्या ट्रस्टच्या रुग्णालयात नेलं. चाचा टेम्पो चालवतात. घरी केशरी रेशनकार्ड आहे. बचत म्हणावी असं काही नाही.

आत नेताच ड्युटीवरच्या डॉक्टरनं ईसीजी काढला, गोळ्या चघळायला दिल्या, हाताला सुई लावली. तेवढ्यात काउंटरवरून निरोप आला, "दीड लाख डिपॉझिट भरा, मग पुढचं बघू." तोपर्यंत मोहल्ल्यातली वीस-पंचवीस पोरं जमली होती. कोणीतरी ओरडलं, "पैशासाठी माणूस मारतात हे!" आणि आमच्यातल्याच एकानं त्या डॉक्टरची कॉलर धरली. डॉक्टर फार तर सव्वीस वर्षांचा असेल. मी दोन पावलांवर उभा होतो, पण मध्ये पडलो नाही. खरं सांगायचं तर, त्या क्षणी मला बरंच वाटलं.

वॉचमननं सोडवासोडव केली. भावानं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आवाहन टाकलं. मी माझ्या खात्यातून जमतील तेवढे भरले. फजरपर्यंत एक लाख चाळीस हजार जमा झाले. चाचांची अँजिओप्लास्टी झाली, ते वाचले. सगळे म्हणाले, कौमनं इज्जत राखली. मलाही अभिमान वाटला.

तिसऱ्या दिवशी मी पाणी प्यायला गेलो. वॉटर कूलरच्या मागे, एका जाहिरातीच्या फ्लेक्सआड, भिंतीवर एक फलक होता. हे धर्मादाय रुग्णालय आहे, निर्धन आणि दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी खाटा राखीव आहेत, असं त्यावर लिहिलं होतं. तीन दिवसांत आमच्यातल्या एकालाही तो दिसला नव्हता. दाखवावा असं तिथल्याही कोणाला वाटलं नव्हतं.

मित्रांनो, मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर किंवा वकील नाही. पण त्या फलकानं मला जे वाचायला लावलं, ते तुमच्यासमोर ठेवणं मला गरजेचं वाटतं.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात कलम ४१ एए आहे. ट्रस्ट म्हणून नोंदणी असलेल्या, सरकारकडून सवलती घेणाऱ्या मोठ्या रुग्णालयांना ते लागू होतं. मुंबई उच्च न्यायालयानं त्यासाठी योजना ठरवून दिली. २००६ पासून ती अमलात आहे. त्यानुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. रुग्णालयानं आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी'च्या खात्यात टाकायची असते. आणि आमच्या त्या रात्रीसाठी सगळ्यात महत्त्वाची अट ही : तातडीचा रुग्ण आला तर आधी दाखल करून जीव वाचवणारे उपचार द्यायचे, डिपॉझिट मागायचं नाही.

म्हणजे पावणेदोन वाजता काउंटरवर आम्ही जे मागायला हवं होतं, ते आमच्या हक्काचं होतं. आम्ही मात्र आधी दमदाटी केली आणि मग वर्गणी काढली. चौथ्या दिवशी रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन मी तिथल्या वैद्यकीय समाजसेवकांना भेटलो. थोडी टोलवाटोलवी झाली, पण उरलेल्या बिलात सवलत मिळाली. जे काम कॉलर धरून झालं नाही, ते दोन कागदांनी केलं.

मार्च २०२५ च्या अखेरीस पुण्यात एका गर्भवती महिलेचा मृत्यू झाला आणि डिपॉझिटचा प्रश्न राज्यभर गाजला. मोर्चे निघाले, तोडफोड झाली, चौकशी समित्या बसल्या. पण हा नियम त्याच्या किती तरी आधीपासून होता. आपल्यापैकी कितीजणांना तो माहीत होता?

आता दुसरी बाजू. डिस्चार्जच्या दिवशी मी त्या डॉक्टरला शोधून माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या, रोजचंच आहे." आदल्या सकाळपासून तो ड्युटीवर होता. डिपॉझिट किती घ्यायचं हे तो ठरवत नाही. बिलातला एक रुपयाही कमी करण्याचा अधिकार त्याला नाही. उलट पैशांचा विषय निघण्याआधीच त्यानं चाचांवर उपचार सुरू केले होते. आम्ही कॉलर धरली ती त्या इमारतीतल्या सगळ्यात कमी अधिकार असलेल्या आणि आमच्यासाठी सगळ्यात जास्त केलेल्या माणसाची.

निवासी डॉक्टरांच्या कामाच्या तासांबद्दल केंद्र सरकारचे १९९२ चे निर्देश आहेत : सलग १२ तासांपेक्षा आणि आठवड्याला ४८ तासांपेक्षा जास्त काम साधारणपणे नसावं. कोणत्याही सरकारी मेडिकल कॉलेजातल्या निवासी डॉक्टरला विचारा, तो हसेल. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात जमावानं एका निवासी डॉक्टरला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. त्या दिवसांत हाल कोणाचे झाले? ज्यांना सरकारी दवाखान्याशिवाय दुसरं दारच नाही त्यांचे, म्हणजे आपल्यासारख्या वस्त्यांतल्या लोकांचे.

नांदेडची घटना तुम्हाला आठवत असेल. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालकं होती. दोनच दिवसांनी एका खासदारांनी तिथल्या अधिष्ठात्यांना हातात झाडू देऊन संडास साफ करायला लावलं. त्याचा व्हिडिओ आपल्या फोनवरही फिरला. अनेकांनी 'बरं केलं' असं लिहिलं. पण रिकामी पदं, क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त रुग्ण, औषधखरेदीचा घोळ यांपैकी संडास धुऊन काय सुटलं? राज्याची औषधखरेदी २०१७ पासून हाफकिनच्या कंपनीकडे एकवटली होती. औषधं वेळेवर मिळत नाहीत अशा तक्रारी वाढल्या आणि २०२३ मध्ये सरकारला स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाचा कायदा करावा लागला. प्रश्न तिथे होता. पण फाइल कॅमेऱ्यात दिसत नाही, झाडू दिसतो.

माझ्या कामात सर्व्हर मध्यरात्री बंद पडला, लाखो लोकांचे व्यवहार अडकले, तर दुसऱ्या दिवशी आमची बैठक होते. तिचा पहिला नियम असा की दोषी माणूस शोधायचा नाही, कारण शोधायचं. एका माणसाच्या एका चुकीनं सगळं कोसळलं, तर ती चूक पकडणारी व्यवस्था का नव्हती, हे विचारायचं. याचा अर्थ कोणालाच जबाबदार धरायचं नाही असा नाही. उलट अशा चौकशीतच खरी जबाबदारी बाहेर येते, आणि ती बहुतेक वेळा त्या रात्री ड्युटीवर असलेल्या पोराची नसते. रुग्णालयात एखादा मृत्यू झाला की आपण नेमकं उलट करतो. जो समोर दिसतो त्याला मारतो, आणि ज्यांनी निर्णय घेतले ते घरी झोपलेले असतात.

रुग्णालयांच्याही अडचणी आहेत, त्या नाकारून चालणार नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण देण्याचा आणि राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना त्यात घेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. चांगला निर्णय आहे. पण ठरवून दिलेले दर परवडत नाहीत, पैसे वेळेवर येत नाहीत, ही रुग्णालयांची तक्रार आहे. काही रुग्णालयं त्याची वसुली रुग्णाकडून करतात, ते चूकच. पण मुळाशी जाऊन पाहिलं तर प्रश्न सरकारच्या खर्चाचा आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचं ठरवलं होतं. २०२१-२२ मध्ये, म्हणजे कोविडच्या काळातही, तो १.८४ टक्के होता. त्या वर्षी देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी स्वतःच्या खिशातून भरली. तो खिसा म्हणजे चाचांचा टेम्पो, कोणाच्या तरी आईच्या बांगड्या आणि आपल्या ग्रुपवरची वर्गणी.

मग आपण काय करायचं? मला चार गोष्टी सुचतात.

पहिली, कागद. घरातल्या प्रत्येकाचं आधारकार्ड, रेशनकार्ड आणि चालू उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा, त्यांचे फोटो फोनमध्ये ठेवा. नावांतल्या चुका आजच दुरुस्त करून घ्या. आपल्याकडे 'शेख'चं स्पेलिंग एकाच घरात तीन प्रकारचं असतं आणि योजनेच्या टेबलावर नेमकं तेच आडवं येतं.

दुसरी, माहिती. प्रत्येक मोहल्ल्यात दोन-तीन मुलामुलींनी एवढंच काम अंगावर घ्यावं. जवळची कोणती रुग्णालयं धर्मादाय आहेत, कोणती फुले योजनेत आहेत, आरोग्यमित्र कुठे बसतो, समाजसेवक कधी भेटतात, याची यादी करून मशिदीच्या, शाळेच्या, वाचनालयाच्या फलकावर लावावी. खासगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद ठळकपणे लावायची असते, हे २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांत आहे. बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही. केसपेपरची प्रत मागितली तर ७२ तासांत मिळायला हवी. तातडीच्या रुग्णाला सरकारी असो वा खासगी, कोणताही डॉक्टर नाकारू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे.

तिसरी, तक्रारीची रीत. खरंच हलगर्जीपणा झाला असेल तर गप्प बसू नका. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निकाल आहे. राज्याची वैद्यक परिषद आहे, धर्मादाय आयुक्त आहेत, माहितीचा अधिकार आहे. मारहाणीचा मार्ग मात्र बंद करा. २०१० च्या राज्याच्या कायद्यानुसार डॉक्टरवर हात उचलला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय मोडतोडीची दुप्पट भरपाई. आपल्या पोराच्या नावावर एकदा गुन्हा लागला की त्याच्या नोकरीचं, पासपोर्टचं काय होतं, हे मी वेगळं सांगायला नको.

चौथी, अयादत. आजाऱ्याला भेटणं सवाबचं काम आहे, ते सोडा असं मी म्हणत नाही. पण आयसीयूच्या दाराशी चाळीस माणसं उभी राहिली तर डॉक्टर घाबरतो, शेजारच्या खाटेवरचा रुग्ण त्रासतो आणि आपल्या रुग्णाला काडीचा उपयोग होत नाही. डॉक्टरशी बोलायला एकच माणूस ठरवा. बाकीच्यांनी रक्तदान करावं, डबा पोचवावा, घरी असलेल्या बायका-मुलांकडे बघावं.

आणि त्या रात्री जमलेल्या पैशांबद्दल. त्यात कोणाची जकात होती, कोणाची रिक्षाची त्या दिवसाची कमाई होती. ते पैसे कायद्यानं डिपॉझिट मागायलाच मनाई असलेल्या काउंटरवर गेले. त्याच आठवड्यात आमच्याच गल्लीतल्या एका विधवेच्या मुलाचं डायलिसिस चालू होतं आणि तिच्यासाठी ग्रुपवर पुन्हा आवाहन टाकलं, तेव्हा पाच हजारही जमले नाहीत. लोकांचे खिसे आधीच रिकामे झाले होते. आपली दानत कमी नाही. ती कुठे खर्च होते, हे बघायची वेळ आली आहे.

चाचा आता बरे आहेत, टेम्पो पुन्हा चालवतात. ज्यानं कॉलर धरली होती, तोच मुलगा आता आमच्या मोहल्ल्याची यादी तयार करतोय. मागच्या महिन्यात तो त्या रुग्णालयात गेला आणि धर्मादाय आयुक्तांना दिलेल्या अर्जाची प्रत दाखवून तो फ्लेक्स भिंतीवरून काढून घेतला. फलक आता आत शिरतानाच दिसतो.

तुमच्या गावातल्या रुग्णालयात असा फलक कुठे आहे, एकदा जाऊन बघा. कोणी आजारी पडण्याची वाट न बघता, या रविवारीच.