न मागणाऱ्याचे देणे

बडनेरा हे जंक्शनचे गाव. मुंबई-हावडा मार्गावरील गाडीतून काळी ट्रंक घेऊन रजेवर उतरणारा जवान येथे कोणालाच नवा नाही. त्याच्याकडे आपण कौतुकाने पाहतो. तोच जवान निवृत्तीनंतर एखाद्या बँकेच्या दाराशी पहारेकरी म्हणून उभा राहिला, की आपली नजर त्याला ओलांडून पुढे जाते. 'चंदू चॅम्पियन' हा २०२४ सालचा हिंदी चित्रपट पाहताना आपली ही सवय मला टोचत राहिली.

चित्रपटाचे कथानक रचलेले असले, तरी त्याचा नायक काल्पनिक नाही. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जबर जखमी झाले आणि त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. याच सैनिकाने १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर जलतरणात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून भारताला पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पुढे देश त्यांना विसरला. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली आणि अर्जुन पुरस्काराची जीवनगौरव मोहोर उमटली ती २०२५ साली, म्हणजे पदकानंतर तब्बल ५३ वर्षांनी!

पडद्यावरचा वृद्ध मुरलीकांत पोलीस ठाण्यात जातो. अर्जुन पुरस्कार नाकारला गेला म्हणून त्याला थेट राष्ट्रपतींविरुद्ध तक्रार नोंदवायची असते. पोलीस हसतात. बालपणी सवंगडी हसले होते, तसेच. मात्र तो त्या हसणाऱ्यांनाच समोर बसवून आपली कहाणी सांगू लागतो. ज्याने शत्रूच्या गोळ्या झेलल्या, त्याच्या मनात स्वकीयांविषयी विष साचलेले नाही. चित्रपटातील युद्धप्रसंगांपेक्षा मला हे शौर्य अधिक मोठे वाटले.

परंतु येथेच एक धोका आहे. अशी सौम्यता आपल्याला फार सोयीची असते. 'त्यांची काही तक्रार नाही हो,' असे म्हणून आपण मोकळे होतो. सैनिकाने मन मोठे ठेवले, हा त्याचा संस्कार झाला. त्यामुळे समाजाचे ऋण फिटत नाही, उलट वाढते. जो दाराशी येऊन ओरडतो, त्याचे देणे लोक कसेबसे चुकवतात. जो हात जोडून शांतपणे परत जातो, त्याचेच देणे बुडते.

७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वजदिनी, छातीवर छोटा ध्वज लावणे सोपे आहे. त्यापुढे एक पाऊल टाकायला हवे. आपल्या वस्तीत माजी सैनिक किती, त्यांत जखमी किती, कोणाचे निवृत्तिवेतनाचे कागद अडले आहेत, कोणाला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापर्यंत सोबत हवी आहे, याची विचारपूस प्रत्येक शाखेला, प्रत्येक कुटुंबाला करता येईल. शाळेच्या कार्यक्रमात त्यांना एकदा व्यासपीठावर बसवून त्यांचे अनुभव मुलांना ऐकवता येतील.

ते मागणार नाहीत. म्हणूनच आपण त्यांच्या दाराशी गेले पाहिजे.