कपाची भीती, सुईवर भरवसा

एचआयव्हीबद्दल आता सर्वांना सर्व काही माहीत आहे, असे आपण धरून चालतो. शाळेच्या पुस्तकात धडा आहे, सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर तक्ता आहे. तरीही वस्तीत कुणाला एचआयव्ही असल्याची कुजबुज सुरू झाली की त्या घरचा चहा बंद होतो, त्यांच्या मुलांबरोबर आपली मुले खेळेनाशी होतात आणि घरात मयत झाली तर गुस्ल कोण देणार, यावर खल सुरू होतो. विचारले तर एकच उत्तर मिळते: ‘सावधगिरी बाळगली तर बिघडले कुठे?’

पुष्कळ बिघडते. ही सावधगिरी नव्हेच. सावधगिरी धोका असतो तिथे बाळगायची असते. एचआयव्ही रक्त, वीर्य, योनिस्राव आणि आईचे दूध यांतून पसरतो. घाम, थुंकी आणि अश्रूंतून तो पसरत नाही. एका ताटात जेवल्याने, गळाभेट घेतल्याने, एकाच संडासाचा वापर केल्याने किंवा डास चावल्याने तो होत नाही. शरीराबाहेर हा विषाणू फार दुबळा आहे. धडधाकट कातडी त्याला आत येऊ देत नाही. बसच्या दांड्याला बोट खरचटले, भाजी चिरताना कापले, कुणाच्या हातावरची खपली आपल्या हाताला लागली, एवढ्यावरून लोक रात्रीची झोप घालवतात आणि पुन्हा पुन्हा तपासणी करून घेतात. अशा वाटेने एचआयव्ही होत नाही, हे त्यांना ठामपणे सांगितले पाहिजे.

दवाखान्यातले उदाहरण घ्या. एचआयव्ही असलेल्या, उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या रक्ताने भरलेली सुई परिचारिकेच्या हातात घुसली, तरी लागण होण्याची शक्यता १००० मध्ये साधारण ३ एवढीच असते. अशा प्रसंगासाठीही औषध आहे. ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू करून ते २८ दिवस घ्यायचे असते. ताज्या रक्ताची सुई थेट घुसूनही धोका इतका, तर चहाच्या कपाचा किती, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

न्हाव्याच्या वस्तऱ्याचा प्रश्न नेहमी निघतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे ब्लेड हवेच, त्याचा आग्रह जरूर धरा. पण त्याचे मोठे कारण हिपॅटायटिस बी आहे. तो एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज पसरतो आणि त्याची लस उपलब्ध आहे. आपल्यापैकी किती जणांनी ती घेतली आहे?

खरा धोका जिथे आहे तिथे मात्र आपण निर्धास्त असतो. २०१९ साली पाकिस्तानात लारकाना जिल्ह्यातील रतोदेरो येथे शेकडो लोकांना एचआयव्ही झाल्याचे उघड झाले. त्यांत बहुतेक लहान मुले होती. तपासात दोष निघाला तो पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुया आणि सलाईनच्या साहित्याचा. आपल्याकडेही तापाला ‘एक सुई मारा’ म्हणणारे आपणच. ती सुई पाकिटातून आपल्यासमोर काढली का, हे विचारायची आपल्याला लाज वाटते. शेजाऱ्याचा कप बाजूला ठेवायची मात्र वाटत नाही.

या भीतीने सरकारही आंधळे झाले होते. १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, केवळ त्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला म्हणून, पोलिसांकरवी उचलून ६४ दिवस एकटे डांबून ठेवण्यात आले. त्यासाठी कायद्याचा आधार होता. आज कायदा उलट बाजूला उभा आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरी, शिक्षण, उपचार आणि घर यांत भेदभाव करण्यास त्यात मनाई आहे. दफनभूमी आणि अंत्यविधी यांचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. म्हणून मयतीचा प्रश्न कुणाच्या मर्जीवर सोडता येणार नाही. हातमोजे घालावेत, स्वतःच्या हातावरची जखम झाकावी, सांडलेले रक्त ब्लीचने पुसावे आणि गुस्ल द्यावा. ही काळजी प्रत्येक मयतीसाठी घ्यायची असते, कारण कुणाच्या रक्तात काय आहे हे कपाळावर लिहिलेले नसते.

आता सर्वांत मोठे नुकसान. माणूस तपासणीला जात नाही तो आजाराच्या भीतीने कमी आणि आपल्या भीतीने जास्त. ‘कळले तर लोक काय करतील?’ हा त्याचा प्रश्न असतो, आणि आपण काय करतो हे त्याने पाहिलेले असते. तो तपासत नाही, म्हणून औषध सुरू होत नाही. औषध नाही, म्हणून विषाणू वाढतो आणि लागण नकळत बायकोपर्यंत, बाळापर्यंत पोहोचते. उलट, नियमित औषध घेऊन ज्याच्या रक्तातला विषाणू चाचणीत सापडण्याइतकाही उरलेला नाही, त्याच्याकडून लैंगिक संबंधातूनही लागण होत नाही. म्हणजे कप वेगळा ठेवणारा आजार थोपवत नाही, तो आजाराला वाट करून देतो.

तेव्हा सावधच राहायचे असेल तर नीट राहू या. सुई आपल्यासमोर पाकिटातून काढायला लावा. जोडीदाराची स्थिती ठाऊक नसेल तर निरोध वापरा. शंका असेल तर सरकारी केंद्रात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत, १०९७ या क्रमांकावर माहितीही मोफत मिळते. खरोखर धोक्याचा प्रसंग घडला असेल तर तीन महिन्यांनंतरची चाचणी निर्वाळा देते, मग विषय संपवा. आणि ज्या घराचा चहा बंद केला आहे, तिथे जाऊन तो प्या. त्यात धोका नाही. धोका न जाण्यात आहे.