मेंढीने वर खाल्ले, खाली काय झाले?

मित्रांनो, पावसाळ्यात माळावर गेलात तर गवताचा एक ठोंब मुळांसकट काढून बघा. नुसत्या हाताने निघायचा नाही, खुरपे लागेल! माती झटकली की बारीक मुळांचे केवढे तरी जंजाळ दिसेल. माळावरच्या बारमाही गवताचे बरेचसे वजन जमिनीखालीच असते. आपण ज्याला गवत म्हणतो तो नुसता शेंडा.

ही मुळे काही कायमची नसतात. जुनी मरतात, नवी फुटतात. मेलेल्या मुळांवर बुरशी, जिवाणू आणि डोळ्यांना न दिसणारे किडे तुटून पडतात. मूळ कुजते. त्यातला काही कार्बन वायू होऊन हवेत जातो, नत्र पुन्हा गवताला मिळते आणि थोडा भाग मातीला चिकटून राहतो. हाच भाग माती भुसभुशीत ठेवतो, पावसाचे पाणी धरून ठेवतो. म्हणजे माती ही एक कणगीच म्हणा ना! वरून मेलेली मुळे पडतात, खालून सूक्ष्मजीव काढून खातात.

आता प्रश्न असा, की वर मेंढरे चरली तर खालचे हे कुजणे वाढते की घटते?

तुम्ही म्हणाल, मेंढी तर पाते खाते, मुळाशी तिचा काय संबंध? संबंध आहे. मुळाला लागणारी साखर पात्यातच तयार होते. पाते गेले की गवत आधी नवे पाते फोडायच्या मागे लागते आणि मुळांचा शिधा कापला जातो. फ्रँकलिन क्रायडर या अमेरिकन शास्त्रज्ञाने गवते कापून हेच तपासले. १९५५ साली त्याने लिहिले, की निम्म्यापर्यंत पाला गेला तर मुळांचे फारसे बिघडत नाही. त्याहून जास्त गेला की वाढ अडू लागते. आणि एकदम ८० टक्के पाला कापला, तर मुळे १२ दिवस वाढतच नाहीत!

हा १२ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण थोडेच खाल्ले तर मोठी गंमत होते. अमेरिकेतल्याच यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात रानगवे आणि एल्क जातीची हरणे चरतात. तिथल्या एका गवतावर हॅमिल्टन आणि फ्रँक या दोघांनी प्रयोग केला, तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. पाते कापल्यावर गवताने मुळांवाटे जास्तीचा कार्बन मातीत सोडला. सूक्ष्मजीवांना मेजवानीच! ते वाढले, मातीत नत्र मोकळे झाले आणि ते गवतानेच उचलले. गवताने जणू खालच्या मजुरांना गूळ-शेंगदाणे वाटून काम करून घेतले.

लेंड्या आणि मूत्र यांतूनही नत्र मिळते. आपल्याकडे शेतकरी धनगरांना बोलावून शेतात मेंढ्या बसवतात ते काय उगीच?

उलट, तेच रान पुन्हा पुन्हा चरले गेले तर? खुरांनी माती दडपते, हवा-पाणी आत शिरत नाही. जमीन उघडी पडते, तापते, वाळते. वाळलेल्या मातीत सूक्ष्मजीवांचे काम मंदावते. शिवाय जनावरे मारवेल, पवना अशी चांगली गवते आधी संपवतात आणि नको ती मागे उरतात. त्यांची मुळे वेगळी, कुणाची चिवट, कुणाची मऊ. मग कुजण्याचा वेगही बदलतो. म्हणून सगळ्या माळांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही.

‘मग चराईच बंद करा, कुंपण घाला!’ असे म्हणणारे काका तुमच्याही गावात असतील. त्यांना स्पितीची गोष्ट सांगा. हिमाचल प्रदेशातल्या या उंच, थंड खोऱ्यात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कुरणाचे काही तुकडे कुंपणाने बंद केले आणि शेजारचे चराईला मोकळे ठेवले. १६ वर्षे मोजमाप चालले. २०२२ मध्ये निष्कर्ष आला. कुंपणाआड, जिथे एकही जनावर नव्हते, तिथे मातीतल्या कार्बनचे वर्षावर्षाचे चढउतार ३० ते ४० टक्के जास्त होते! चरणारी जनावरे गेली आणि कणगीचा हिशेबच डळमळला.

आपले धनगर पिढ्यान्‌पिढ्या फिरत आले. पुण्याकडचे कितीतरी वाडे दिवाळीनंतर कोकणात उतरतात, पावसाच्या तोंडावर माघारी येतात. तेवढे दिवस माळाला विसावा मिळतो. पण गायरानाची जागा इमारतीला गेली, वाट कुंपणाने अडली, की तेवढीच मेंढरे उरलेल्या तुकड्यावर येतात. मग त्या १२ दिवसांच्या आतच गवताला दुसरा चावा बसतो. दोष मेंढीला द्यायचा की जागा खाणाऱ्याला, हे घरी आईबाबांना विचारा. मला तर मेंढी निर्दोष वाटते.

तुम्हीही छोटा प्रयोग करू शकता. मच्छरदाणीच्या नायलॉन जाळीच्या दोन पिशव्या शिवा. एकाच ठोंबाची मुळे धुऊन खडखडीत वाळवा आणि प्रत्येक पिशवीत ५ ग्रॅम भरा (शाळेच्या प्रयोगशाळेतला तराजू मागा). पावसाच्या सुरुवातीला एक पिशवी चराईच्या माळावर आणि दुसरी शाळेच्या कुंपणाआत वीतभर खोल पुरा. सरांना सांगून बरं का! तीन महिन्यांनी काढा, माती धुवा, मुळे वाळवा, वजन करा. जिथली मुळे जास्त घटली, तिथे कुजणे जोरात.

आणि खुणेसाठी पिशवीला नायलॉनची दोरी बांधा. सुतळी नको. तीही कुजते!