पोलादाची मळी आणि सिमेंटचा हिशेब

२०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणाने देशाची पोलादनिर्मितीची क्षमता २०३०-३१ पर्यंत वर्षाला ३० कोटी टनांवर नेण्याचे उद्दिष्ट ठरविले. त्या दिशेने नव्या भट्ट्या उभ्या राहत आहेत आणि त्यांवरील भांडवली खर्च, खनिजाचे पट्टे व रोजगार यांची चर्चाही यथास्थित होत आहे. परंतु या भट्ट्यांतून लोखंडाच्या बरोबरीने बाहेर पडणाऱ्या दुसऱ्या पदार्थाचा, म्हणजे वितळलेल्या धातुमळीचा, विचार क्वचितच होतो. कारखान्यांच्या भाषेत तिला ‘स्लॅग’ म्हणतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने कार्बन पतव्यापार योजनेखाली सिमेंटसह चार उद्योगांना उत्सर्जनाची लक्ष्ये ठरवून दिल्यापासून तर स्लॅगचा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही. तो किमतीचा, मालकीचा आणि हिशेबाचा प्रश्न झाला आहे.

झोतभट्टीत वरून लोहखनिज, कोक व चुनखडी घातली जाते. खनिजातील लोखंड वितळून तळाशी साचते. वाळू, माती व चुना यांचा रस हलका असल्याने त्यावर तरंगतो. सुमारे १५०० अंश सेल्सिअस तापमानाचा हा रस म्हणजे स्लॅग. तो सावकाश थंड होऊ दिला तर त्याचा दगड बनतो आणि रस्त्याच्या भरावापलीकडे त्याला फारशी किंमत येत नाही. तोच रस पाण्याच्या जोरदार झोताखाली क्षणार्धात थंड केला तर त्याचे काचेसारखे दाणे बनतात. हे दाणे दळून क्लिंकर व जिप्सम यांच्यात मिसळले की उत्तम सिमेंट तयार होते. पदार्थ एकच, काही सेकंदांत तो कसा थंड केला जातो यावर त्याचे मोल ठरते. दाणेदार स्लॅगचा हा गुण जर्मनीत एमिल लँगेन यांनी १८६२ मध्ये दाखवून दिला. भारतीय मानक संस्थेने स्लॅग सिमेंटचे मानक १९५३ मध्येच प्रसिद्ध केले होते, आणि १९५९ साली भिलाईची पहिली भट्टी पेटल्यानंतर शेजारच्या जामुल येथे स्लॅगवर चालणारा सिमेंट कारखानाही उभा राहिला. म्हणजे या विषयात आपण नवशिके खचितच नाही.

जोडउत्पादनाचे अर्थशास्त्र

महाराष्ट्रातील वाचकाला ‘मळी’ म्हटले की साखर कारखाना आठवतो, आणि ती आठवण येथे उपयोगाची आहे. १९६१ च्या नियंत्रण आदेशाखाली उसाच्या मळीची किंमत कृत्रिमरीत्या इतकी खाली ठेवली गेली होती, की ती नीट साठविण्यासाठी टाक्या बांधण्यात कारखान्यांना स्वारस्यच उरले नाही. १९९३ मध्ये नियंत्रण उठले आणि मळीला बाजारभाव मिळू लागला. पुढे इथेनॉलच्या धोरणाने तर तिला प्रतिष्ठाच दिली. ज्या वस्तूची हिशेबाच्या वहीत किंमत शून्य, तिची नासाडी ठरलेली, हा त्यातील धडा आहे.

तथापि दोन्ही मळ्यांना एक मर्यादा समान आहे. उसाच्या मळीसाठी कोणी ऊस गाळत नाही आणि स्लॅगसाठी कोणी भट्टी पेटवीत नाही. मुख्य मालाला मागणी असेल तेवढेच दुय्यम उत्पादन हाती येते. सिमेंटचा भाव दुप्पट झाला तरी स्लॅगचा पुरवठा वाढणार नाही. पोलादाला मंदी आली तर मात्र तो लगेच घटेल. अर्थशास्त्रात ज्याला संयुक्त पुरवठा म्हणतात त्याचे हे ठळक उदाहरण होय.

या मर्यादेचे मोजमाप करणे कठीण नाही. २०२३ मध्ये भारतातील झोतभट्ट्यांतून सुमारे साडेआठ कोटी टन लोखंड निघाले. आपल्या खनिजात अ‍ॅल्युमिना अधिक आणि कोळशात राख अधिक असल्याने टनामागे साधारण ३५० ते ४०० किलो स्लॅग पडतो. याचा अर्थ वर्षाला तीन कोटी टनांहून थोडा अधिक स्लॅग. उलट देशातील सिमेंटचे उत्पादन वर्षाला ४० कोटी टनांच्या वर गेले आहे. स्लॅगचा कण न् कण सिमेंटमध्ये घातला तरी तो एकूण सिमेंटच्या वजनाचा बारावा-तेरावा हिस्सा होईल. स्लॅगमुळे सिमेंट उद्योगाचा कार्बनचा प्रश्न सुटेल असे जे उत्साहाने सांगितले जाते, त्याला हे साधे गणित उत्तर देते.

याचा अर्थ लाभ क्षुल्लक आहे असा नव्हे. क्लिंकर भाजताना चुनखडीतून निघणारा आणि इंधनातून निघणारा असा मिळून टनामागे सुमारे पाऊण ते एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. क्लिंकरच्या जागी वापरलेला प्रत्येक टन स्लॅग हा भार बव्हंशी वाचवितो. शिवाय चुनखडीच्या खाणीचे आयुष्य वाढवितो. मानकाप्रमाणे सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्क्यांपर्यंत स्लॅग घालता येतो. समुद्राकाठच्या आणि क्षारयुक्त जमिनीतील बांधकामास असे सिमेंट अधिक टिकाऊ ठरते, ही गोष्ट कोकणपट्टीतील बंदरे व पूल बांधणाऱ्यांनी विसरता कामा नये.

वाया जाणारी उष्णता

परंतु दाणे बनविण्याच्या प्रचलित पद्धतीतच एक मोठी उधळपट्टी दडलेली आहे. भट्टीतून निघालेल्या एक टन स्लॅगमध्ये सुमारे १.७ गिगाज्यूल उष्णता असते. आपल्याकडील साधारण प्रतीच्या शंभर किलो दगडी कोळशाइतकी. ती सारी पाण्यात जाते आणि वाफ होऊन आकाशात विरते. तीन कोटी टनांच्या हिशेबाने हा तोटा वर्षाला सुमारे ३० लाख टन कोळशाचा झाला. त्यात पाण्याचा खर्च वेगळा, गंधकयुक्त वाफेचा त्रास वेगळा, आणि ओले दाणे दळण्यापूर्वी पुन्हा इंधन जाळून सुकवावे लागतात तो भुर्दंड आणखी वेगळा. आधी उष्णता फुकट घालवायची आणि मग ओल घालविण्यासाठी उष्णता विकत घ्यायची, असा हा उफराटा व्यवहार आहे.

मग वितळलेल्या स्लॅगपासून थेट सिमेंटच का बनवू नये, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. रस तापलेलाच आहे. त्यात कमी असलेला चुना मिसळला की क्लिंकरच तयार होईल आणि वेगळी भट्टी लागणारच नाही, अशी ही कल्पना आहे. ती मोहक आहे, पण तिच्याही मुळाशी गणित आहे. स्लॅगमध्ये चुन्याचे प्रमाण साधारण ३५ ते ४० टक्के असते. पोर्टलंड क्लिंकरमध्ये ते ६५ टक्क्यांच्या आसपास लागते. ही तूट भरून काढण्यासाठी एक टन स्लॅगमध्ये सुमारे पाऊण टन चुना घालावा लागेल. हा चुना चुनखडीपासूनच येणार, म्हणजे तिच्यातील कार्बन डायऑक्साइड सुटणारच. चुनखडी फोडण्यास आणि चुना त्या तापमानाला नेण्यास मिळून तीन गिगाज्यूलहून अधिक उष्णता लागते. स्लॅगपाशी आहे ती १.७. शिवाय चुना वाढला की रसाचा वितळणबिंदू चढतो आणि रस वाहेनासा होतो. सारांश, स्लॅगची उष्णता इंधनाचा काही भाग वाचवू शकते. भट्टीची जागा ती एकटी घेऊ शकत नाही. दाणेदार स्लॅग मिसळल्याने मात्र चुना न वाढविताच क्लिंकर वाचतो. म्हणून रसाचे क्लिंकर करण्यापेक्षा त्याचे दाणे करणे आणि त्यातील उष्णता निराळी काढून घेणे, हा मार्ग अधिक व्यवहार्य दिसतो.

तो मार्गही निष्कंटक नाही. १९७३ च्या तेलटंचाईनंतर जपानमध्ये पाण्याऐवजी हवेने दाणे पाडण्याचे प्रयोग झाले. अलीकडे ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या शासकीय संशोधन संस्थेने फिरत्या तबकडीवरून रस उडवून हवेत थंड करण्याची पद्धत विकसित केली. अडचण अशी, की दाण्यांना काचेचे रूप यावयाचे तर ते झटपट थंड झाले पाहिजेत, आणि उष्णता उपयोगी यावयाची तर ती सावकाश व उच्च तापमानाला काढून घेतली पाहिजे. या दोन गरजा एकमेकींच्या आड येतात. त्यातच रस भट्टीतून अखंड वाहत नाही, थांबून थांबून काढला जातो. अशा स्थितीत कोळसा व पाणी स्वस्त असेपर्यंत कोणता कारखाना या यंत्रणेत भांडवल गुंतवील?

२०२४ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी ‘नेचर’ नियतकालिकात एक निराळी वाट दाखविली. पाडलेल्या इमारतींच्या काँक्रीटमधील जुने सिमेंट त्यांनी विजेच्या भट्टीत भंगार वितळविताना चुन्याच्या जागी वापरले, आणि वर तरंगणारा रस वेगाने थंड केल्यावर नवे क्लिंकर मिळाले. येथे चुना एकदा भाजलेला असल्याने त्यातून नव्याने कार्बन डायऑक्साइड निघत नाही. यातील मर्म असे, की हा रस झोतभट्टीचा नसून भंगाराच्या भट्टीचा आहे.

स्थान आणि सौदा

स्लॅग ही वजनाने जड व किमतीने हलकी वस्तू असल्याने तिच्या वापराचा निर्णय प्रयोगशाळेपेक्षा रेल्वेच्या मालभाड्यावर अधिक अवलंबून असतो. याचे उदाहरण घरातच आहे. कोकणात सिमेंटयोग्य चुनखडीचे साठे नसतानाही रायगड जिल्ह्यात डोलवी येथे पोलाद कारखान्याच्या शेजारी त्याच समूहाचा सिमेंट कारखाना स्लॅग दळतो. क्लिंकर बाहेरून आणावे लागते, पण गोणीतील मोठा भाग शेजारच्या भट्टीतून येतो आणि मुंबईची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर आहे. विदर्भात याची दुसरी संधी दिसते. गडचिरोलीत कोनसरी येथे पोलाद प्रकल्पाची उभारणी सुरू आहे आणि चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा-कोरपना भागात चुनखडी व सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. तेथे झोतभट्टीचा मार्ग पत्करला गेला, तर दाणे पाडण्याची यंत्रणा व वाहतुकीची सोय पहिल्याच आराखड्यात असावयास हवी.

पोलाद व सिमेंट एकाच समूहाच्या हाती असले की स्लॅगची किंमत ही घरातल्या घरातली देवघेव होते. स्लॅगसाठी बाहेरच्या भट्टीवर अवलंबून असलेल्या लहान दळण कारखान्याला मात्र ती बाजारभावाने मोजावी लागते. सार्वजनिक क्षेत्रातील पोलाद कारखान्यांनी आपला स्लॅग दीर्घ मुदतीच्या करारांनी विकताना या विषमतेचा विचार केला पाहिजे. उघड लिलावातून खरी किंमत कळते आणि सरकारी तिजोरीचेही नुकसान होत नाही.

एकाच बचतीचे दोन धनी

याहून नाजूक प्रश्न कार्बनच्या हिशेबाचा आहे. पतव्यापार योजनेच्या कक्षेतील नऊ उद्योगांत सिमेंट आहे तसे पोलादही आहे. युरोपीय संघाची कार्बन सीमाकर व्यवस्था १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष वसुलीच्या टप्प्यात आली, आणि तीही या दोन्ही वस्तूंना लागू आहे. स्लॅगमुळे वाचलेल्या उत्सर्जनाचे श्रेय कोणाचे? आपण स्लॅग दिला म्हणून क्लिंकर वाचले असे पोलाद कारखाना म्हणेल. आपण क्लिंकर कमी वापरले असे सिमेंट कारखाना म्हणेल. दोघांनीही तीच बचत आपापल्या खात्यावर जमा केली, तर कागदावर कार्बन दुपटीने घटेल आणि हवेत मात्र एकपटीनेच. पतपत्रांना पैशाचे मोल असल्याने असा हिशेब म्हणजे खोटे चलन छापण्यासारखेच होय. एक टन स्लॅग, एकच नोंद, असा नियम लक्ष्ये कडक होण्यापूर्वी ठरला पाहिजे.

ग्राहकाच्या हिताचीही दखल हवी. सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पण २५ टक्के स्लॅगची गोणी आणि ७० टक्के स्लॅगची गोणी एकाच नावाने विकता येत असेल, तर घर बांधणाऱ्याने तुलना कशी करावी? स्लॅग अधिक असलेल्या सिमेंटला सुरुवातीची ताकद उशिरा येते आणि त्यावर पाणी अधिक दिवस मारावे लागते. म्हणून स्लॅगचे प्रमाण आणि पाणी मारण्याचे दिवस गोणीवर ठळक मराठीत छापलेले असावेत. अन्यथा गवंड्याच्या घाईचा दोष सिमेंटच्या माथी बसेल.

अखेरीस काळाचे भान ठेवावे लागेल. ब्रिटनमध्ये पोर्ट टॅलबट येथील शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी विझली. तेथे विजेची भट्टी येणार आहे. भारतात झोतभट्ट्या अजून काही दशके धगधगतील. परंतु पोलाद स्वच्छ करण्याचा प्रत्येक प्रयत्न यशस्वी झाला की सिमेंटचा हा पुरवठा तेवढा आटणार आहे. स्लॅगच्या भरवशावर सिमेंट उद्योगाचे दूरचे नियोजन करणे म्हणूनच धोक्याचे आहे. भाजलेली चिकणमाती व चुनखडी यांच्या मिश्रणावर आधारलेल्या सिमेंटचे भारतीय मानक २०२३ मध्ये आले आहे. त्या दिशेची तयारी आजच झाली पाहिजे.

तोपर्यंत करावयाचे काम स्पष्ट आहे. वितळलेल्या रसाचा एकही टन दगड होऊन पडू नये. नव्या भट्टीला परवानगी देताना कोरडे दाणे पाडून उष्णता परत मिळविण्याची यंत्रणा बसविण्यास स्वस्त कर्जाचे साहाय्य द्यावे. आणि बचतीची नोंद एकाच वहीत व्हावी. सिमेंटच्या वाटपावरून १९८२ मध्ये मुख्यमंत्र्याला पायउतार व्हावे लागल्याचे महाराष्ट्राने पाहिले आहे. तेव्हा टंचाई गोण्यांची होती. उद्याची टंचाई गोणीत काय घालावे याची असेल, आणि तिची चाहूल आजच लागली आहे.