सिम घातले म्हणजे नेट आले, असे नाही!



शिरूर-दौंड भागातल्या मुलांना मोबाईल स्टार्टर म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. रात्री थ्री-फेज वीज येते, उसात बिबट्याची भीती असते, म्हणून घरूनच फोन लावून मोटर चालू करायची. त्या डब्यात एक सिम आणि एक छोटा मोडेम असतो. पण "आत नेमके काय होते रे?" असे विचारा. उत्तर येते, "रेंज असली की चालू होते, सर." माझे स्पष्ट मत आहे की, या प्रश्नाचे खरे उत्तर आठवी-नववीतच शाळेत मिळायला हवे.

त्यासाठी स्टार्टरचा डबा मुलांच्या हाती मुळीच द्यायचा नाही. तिथे जीवघेणा दाब असतो. ५ व्होल्टवर चालणारा रास्पबेरी पायसारखा लिनक्स बोर्ड, यूएसबीचा ४जी मोडेम आणि शिक्षकाच्या नावावरचे सिम एवढे पुरे. मग मुलांना क्रमाने प्रश्न विचारायला लावा.

१) वीज पुरते का? सिग्नल पाठवताना मोडेम क्षणभर जास्त करंट ओढतो. २जी मोडेम तर २ अँपिअरपर्यंत. चार्जर कमकुवत असला की बोर्ड बंद-चालू होतो आणि आपण दोष रेंजला देतो.

२) बोर्डाने मोडेम ओळखला का? काही डोंगल आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात. त्यांना मोडेमच्या रूपात आणावे लागते.

३) मोडेम बोलतो का? 'एटी' टाइप केले की 'ओके' उत्तर यावे. एटी म्हणजे अटेन्शन, आपल्या कवायतीतले 'सावधान'! ही भाषा १९८१ च्या हेज कंपनीच्या मोडेमपासून चालत आली आहे.

४) सिम तयार आहे का, रेंज किती? रेंजचा आकडा ० ते ३१ असतो. ९९ आला तर मोडेमला रेंज मोजताच आलेली नाही.

५) नेटवर्कने नोंद घेतली का? जिओचे जाळे २०१६ मध्ये सुरू झाले तेच ४जीवर. त्यात २जी नाहीच, म्हणून नुसत्या २जी मोडेममध्ये ते सिम चालणार नाही.

६) एपीएन बरोबर आहे का? हे कंपनीच्या इंटरनेटच्या दाराचे नाव. ते चुकले तर रेंज पूर्ण असूनही नेट येत नाही.

सगळी उत्तरे 'हो' आली की बोर्डाला आयपी पत्ता मिळतो. तोपर्यंत मुले तासभर गुंतलेली असतात.

काही जण म्हणतील, "हे अभ्यासक्रमात नाही, परीक्षेत येणार नाही." खरे आहे. पण विज्ञानाच्या पुस्तकात आपण निरीक्षण, अनुमान, पडताळा शिकवतो, तेच इथे हाताने घडते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि निकाल वहीत लिहायचा. ही सवय लागलेले मूल उद्या स्टार्टर अडला किंवा रेशन दुकानातले मशीन थांबले तर "नेट नाही" म्हणून हात झटकणार नाही. नेमके कुठे अडले, ते विचारेल.

पालकांनो, मूल फोन किती वापरते हे आपण रोज पाहतो. तो फोन कसा जोडला जातो, हेही त्याला एकदा विचारून बघा. उत्तर आले नाही तर शाळेत येऊन आम्हाला सांगा. शिकवणे आमचे काम आहे.